पाणी उतरवल्याचा दाखला

बर्सलेम
३ सप्टेंबर २०१८

प्रिय मॅविस,

पाकिटावरचं अक्षर ओळखून हे पत्र तसंच फाडून टाकू नकोस. आत एक फॉर्म आहे. त्यावर तुझी आणि विल्फची सही लागते. माझ्या बाजूने तेवढंच काम आहे.

ग्विलन पार्कातल्या आपल्या कॅरॅव्हॅनचा करार या ३१ ऑक्टोबरला संपतो. गाडी वीस वर्षांची झाली की पार्कात ठेवू देत नाहीत, मग ती आतून कितीही लख्ख असो. आपण चौघांनी अठ्ठ्याण्णव साली अठरा हजार पौंडांना घेतलेल्या त्या घराचे आता पार्कवाले सातशे देतात. बाहेर विकायची मुभा नाही, आणि दुसरा कुठला पार्क इतकी जुनी गाडी आत घेत नाही. ओढून न्यायची तर क्रेनवालाच नऊशे मागतो. म्हणजे सातशे घ्या आणि गप्प बसा. खरेदीच्या कागदावर अजून चौघांची नावं आहेत. तुम्ही 'ठेवा तुमची ती गाडी' म्हणून गेलात, पण नाव काढून घेतलं नाहीत, म्हणून हा त्रास. माझ्या आर्नल्डच्या नावापुढे मी मृत्यूचा दाखला जोडला आहे.

मी किती भरलं ते तुला ऐकवण्यासाठी लिहीत नाही. पण वही समोर आहे म्हणून सांगते. या वर्षीचं जागाभाडं चार हजार दोनशे. विमा वेगळा. गॅसचा सिलिंडर त्यांच्याच दुकानातून घ्यायचा, गावात बारा पौंड स्वस्त मिळत असला तरी. गेल्या वर्षी मी तिथे एकतीस रात्री झोपले. भागाकार करून पाहा. त्या पैशांत रिल गावातल्या हॉटेलात राहिले असते, कुणीतरी सकाळी अंडी उकडून दिली असती आणि चादरी दुसऱ्या कुणी धुतल्या असत्या. इथे मात्र गेल्यागेल्या पहिले दोन दिवस भिंतीवरची बुरशी पुसायची, गाद्या उन्हात टाकायच्या (ऊन असलं तर), आणि निघायच्या आधी दोन दिवस आवराआवर. चार महिने तर ते गेटच उघडत नाहीत. चाकं असलेलं घर, आणि वीस वर्षांत एक वीतभर हललं नाही. आर्नल्ड त्याला 'आपली इस्टेट' म्हणायचा. त्याच्या निवृत्तीचे निम्मे पैसे त्यात गेले. त्याला मी कधी बोलले नाही. आता बोलून ऐकायला कोण आहे?

फुलीच्या खुणा केल्या आहेत तिथे सही करा. उत्तराचं पाकीट तिकीट लावून सोबत ठेवलं आहे.

पाण्याच्या त्या जुन्या प्रकरणाबद्दल मला काही लिहायचं नाही.

विल्फ बरा असेल.

तुझी बहीण,
एनिड

*

ग्विलन पार्क
१९ सप्टेंबर

प्रिय मॅविस,

फॉर्म आला नाही. तुमच्या लीकहून बर्सलेमला पत्र यायला एक दिवस लागतो, तेव्हा टपालाला दोष देता येणार नाही.

मी कॅरॅव्हॅन रिकामी करायला आले आहे. रेल्वेने रिलपर्यंत, पुढे बसने, जाताना दोन पिशव्या नेते आणि पुन्हा येते. हे तिसरं येणं. ताटं, वाट्या, तू शिवलेली ती पिवळी रजई. रजई हवी असली तर कळव, नाहीतर चॅपेलच्या विक्रीत देईन.

सकाळी पार्कचा मॅनेजर गेथिन येऊन दारात उभा राहिला. तिशीतला आहे, बूट पॉलिश केलेले, चिखलात पाय ठेवत नाही.

"मिसेस ब्लोर, असं कसं आम्हाला सोडून चाललात? नवीन आलेत ते मॉडेल बघा तरी. चाळीस हजार फक्त. हप्त्याने."

"चाळीस हजारांत मी स्वर्गात जागा घेईन, गेथिन."

"तिथे जागाभाडं नसतं म्हणतात."

"आणि तिथे मॅनेजर नसतात, हे नक्की."

हसला बिचारा. मग म्हणाला, "या वर्षी थंडीआधी पाइपांतलं पाणी उतरवून घ्यायची गरज नाही हं तुम्हाला. गाडी सरळ भंगारात जाणार. पंच्याऐंशीचे आता एकशे दहा झालेत, तेवढे वाचले तुमचे."

वाचले. हा शब्द मी आयुष्यभर किती आनंदाने ऐकला आहे, मॅविस. आज ऐकला आणि खाली बसले.

ओट्याखालचं कपाट पुसताना विल्फच्या खुणा दिसल्या. आत तोट्यांच्या शेजारी आणि दाराच्या आतल्या बाजूला लाल रंगाचे बारीक बाण, आणि त्याच्या त्या छापील अक्षरात 'उघडी' आणि 'बंद'. बारा बाण आहेत. इतकी वर्षं मी त्या कपाटात साबण ठेवत होते आणि ते कधी मोजले नव्हते.

आता दुसरी गोष्ट. रविवारी उपासनेनंतर, सुगीच्या सणाच्या भाज्या मांडताना, चॅपेलमधल्या ऑड्रीने सहज सांगितलं की विल्फची फुफ्फुसं फार बिघडली आहेत, घरी नर्स येते, नाताळ दिसेल की नाही कुणाला ठाऊक. मला हे ठाऊक असेल असं तिला वाटलं. मी मान हलवली, जणू होतंच. मग ती म्हणाली, "बिचारा अजून रोज घरातले नळ तीन-तीनदा तपासतो. ऑक्सिजनची नळी ओढत उठतो गं. तेव्हापासून लागलेली सवय." मी विचारलं, कधीपासून? "अगं, तुमच्या त्या कॅरॅव्हॅनपासूनच ना. आपलं डोकं गेलं असं धरून बसला. डॉक्टरांकडे स्मृतीची तपासणीसुद्धा केली होती. मॅविसनं सांगितलं नाही तुला?"

नाही. मॅविसनं सांगितलं नाही मला. मॅविस कशी सांगेल?

कोबीचा गड्डा माझ्या हातात होता. तो नीट मांडला आणि घरी आले.

फॉर्म पाठव.

एनिड

*

बर्सलेम
४ ऑक्टोबर

प्रिय मॅविस,

फॉर्म मिळाला. आत दोन सह्या, बाकी काही नाही. मी पाकिटात बोटं घालून तीनदा पाहिलं. विल्फची सही इतकी कापरी आहे की बँकेने परत केली असती. ज्या माणसाने तांब्याचा पाइप कागदासारखा वळवला त्याची ही सही.

तुला सगळं आठवतंच आहे, तरी मला एकदा ओळीने लिहू दे.

दर ऑक्टोबरला पार्क बंद व्हायच्या आधी विल्फ पाइपांतलं पाणी उतरवायचा. पार्कवाले त्या कामाचे पंच्याऐंशी घ्यायचे. "घरात प्लंबर असताना परक्याला पंच्याऐंशी पौंड कशाला?" हे वाक्य माझं. बारा वर्षं त्याने ते काम फुकट केलं. पोटावर गाडीखाली सरपटत जायचा, खालच्या तोट्या सोडायचा, वरचे सगळे नळ सताड उघडे ठेवायचा. मी एकदा विचारलं, रिकामे नळ उघडे कशाला? तर म्हणाला, "पाण्याला थंडीत अंग पसरायला जागा लागते, एनिड. जागा दिली नाही की ते स्वतः करून घेतं." आर्नल्ड म्हणाला होता, कागद करून ठेव, सहीचा. विल्फ हसला. "घरच्या कामाला कसला दाखला?"

मग दोन हजार दहाचा तो डिसेंबर. इतकी थंडी की चॅपेलच्या पायऱ्यांवर आम्ही राख टाकून चढत होतो. आणि ईस्टरच्या आदल्या गुरुवारी आपण चौघं गेलो, विल्फने पाणी सुरू केलं, आणि पाच मिनिटांत भिंतींतल्या गोठून फुटलेल्या पाइपांतून झरे. न्हाणीत, ओट्याखाली, तुमच्या खोलीच्या पलंगाखाली. जमीन स्पंजासारखी फुगली. विल्फने पाणी बंद केलं, गाडीखाली गेला आणि बाहेर आला तेव्हा त्याच्या तोंडावर रंग नव्हता.

"खालच्या तोट्या आवळलेल्या आहेत. मी उघड्या सोडल्या होत्या."

"वरचे नळही बंदच होते आलो तेव्हा," आर्नल्ड म्हणाला.

"मी उघडे ठेवले होते, आर्नल्ड. मी नेहमी उघडे ठेवतो."

"मग कुणी बंद केले? समुद्रपक्ष्यांनी?"

तू म्हणालीस, "माझ्या नवऱ्याने चाळीस वर्षं हे काम केलंय." आर्नल्ड म्हणाला, "चाळीस वर्षांनी माणूस विसरतो. त्यात लाज कसली? दुपारी दोन ग्लास बिअर घेतली असेल." आणि विल्फ आपल्या हातांकडे बघत राहिला.

विमेवाल्यांनी विचारलं, पाणी उतरवल्याचा दाखला कुठे आहे? दाखला नव्हता. दुरुस्ती दोन हजार तीनशे. विल्फने सगळे दिले. "माझं काम, तर माझंच बिल," म्हणाला. तू म्हणालीस, ठेवा तुमची ती गाडी. त्यानंतर तू आणि मी एकमेकींशी बोललो ते फक्त आर्नल्डच्या अंत्यविधीच्या दारात, आणि तेही 'थंडी आहे' एवढंच.

हे सगळ्यांना ठाऊक आहे. पुढचं लिहायला बसले होते, पण चहा निवून गेला आणि मी उठून कप धुतला. मग बशी. मग धुतलेलंच पातेलं पुन्हा.

*

५ ऑक्टोबर

कालचं पत्र टाकलं नाही. हे त्याच पाकिटात घालते. तिकीट एकच लागेल.

मॅविस, नळ मी बंद केले.

तुम्ही दोघं ऑक्टोबरच्या त्या शनिवारी एक वाजता निघालात. आर्नल्ड गॅसचा हिशेब चुकता करायला ऑफिसात गेला. विल्फ जाताना दारात मला म्हणाला होता, "आता कशाला हात लावू नकोस हं. गळतंय ते गळू दे. रात्रभर गळेल आणि आपोआप थांबेल." मी 'हो' म्हटलं. मनापासून म्हटलं.

मग मी जमीन पुसली. सामान बांधलं. आणि प्रत्येक खोलीत जाऊन पडदे ओढताना प्रत्येक नळ बंद करत गेले. विचार करून नाही. आपण कुणाच्या घरात वाढलो, तुला माहीत आहे. आईने उघडा नळ पाहिला की हातावर चमच्याचा फटका बसायचा. मी साठ वर्षं ज्या खोलीतून बाहेर पडले तिथला नळ आवळून बाहेर पडले. दिवा, नळ, दार. हात आपसूक जातो. आणि बाहेर आल्यावर गाडीखाली टप टप ऐकू आलं. ते मला सोसवेना. मी गुडघे टेकले, वाकले, आणि त्या दोन्ही तोट्या आवळल्या. फडक्याने धरून, घट्ट. उठताना मला बरं वाटलं, मॅविस. घर नीट बंद केलं असं वाटलं.

अर्धं पाणी अजून आतच होतं.

हे मला कधी कळलं, ते तू विचारशील. विल्फ गाडीखालून बाहेर येऊन 'आवळलेल्या आहेत' म्हणाला त्याच क्षणी. पोछा माझ्या हातात होता. एक वाक्य बोलायचं होतं. आर्नल्डने पक्ष्यांचं ते बोलून टाकलं, तू चिडलीस, आणि ते वाक्य मागे पडलं. संध्याकाळी बोलेन म्हटलं. संध्याकाळी तुम्ही निघून गेला होतात. मग विल्फचा चेक आला. महिला मंडळाची पेटी पंचवीस वर्षं माझ्याकडे आहे, एका पेनीची चूक कधी निघाली नाही, सगळे म्हणतात एनिडच्या हाती दिलं की चिंता नाही. त्या एनिडने तो चेक स्वतः बँकेत भरला. तोंडात मिठाची गुळणी धरून.

आर्नल्डलाही सांगितलं नाही. तो विल्फला नावं ठेवतच गेला. शेवटच्या आठवड्यात म्हणाला होता, "विल्फला भेटायला हवं होतं एकदा." मी उशी सरळ केली.

मी देवाला सांगितलं आहे. कितीतरी वेळा, गुडघ्यांवर. पण गेले पंधरा दिवस मला वाटतं, ज्याचं घेतलं त्याला सोडून भलत्यालाच परत करत होते. विल्फने मोजून सगळे नळ उघडले होते आणि ते त्याला बरोबर आठवत होतं. त्याचं डोकं कधीच गेलं नव्हतं. मी सात वर्षं ते माझ्याकडे ठेवून घेतलं, आणि तो माणूस नळी ओढत रोज रात्री ते स्वतःच्या घरात शोधतोय.

सोबत दोन हजार तीनशेचा चेक आहे. त्याला हे वाचून दाखव. मला शिव्या घाल, पत्र फाड, पण आधी त्याला वाचून दाखव. त्याला ऐकू येतंय तोवर.

एनिड

*

बर्सलेम
२३ ऑक्टोबर

प्रिय मॅविस,

तुझी चिठ्ठी शनिवारी आली. मी ती कोट न काढता दारातच वाचली.

तू लिहिलं आहेस की पहिल्यांदा वाचल्यावर तो भिंतीकडे तोंड करून पडला. मग म्हणाला, "पुन्हा वाच. तोट्यांचं ते." तू पुन्हा वाचलंस. तेव्हा म्हणाला, "मॅव, मी म्हटलं नव्हतं?" आणि रडला, आणि मग त्याला खोकला लागला, आणि तू मला त्या खोकल्यासाठी कधी माफ करणार नाहीस. बाकीच्यासाठी करशील की नाही तेही सांगता येत नाही, असं लिहिलंस. बरोबर आहे. मी मागितलेली नाही. मागायचा हक्क वाटत नाही.

चेकचे दोन तुकडे मिळाले. त्याखाली तू लिहिलेली त्याची ओळ मी ओट्यावर घड्याळाशेजारी लावून ठेवली आहे. "पैसे नकोत म्हणावं. कागद दे. आणि विचार तिला, शॉवरचाही बंद केलास का?"

हो विल्फ. शॉवरचाही. तू तो मधोमध ठेवला होतास, ना गरम ना गार. मी उजवीकडे पूर्ण फिरवला.

काल गाडी नेली. मी गेले होते बघायला, जायची काही गरज नव्हती. क्रेनच्या माणसांनी साखळ्या बांधल्या, चाकांत हवा भरली, आणि ती चाकं खरंच फिरली. खाली पिवळ्या गवताचा एक चौकोन उरला, आणि त्यात कपड्यांचे चिमटे, आर्नल्डचा एक चहाचा चमचा आणि एक पितळी टोपण. गेथिन म्हणाला, "वाईट वाटतंय का, मिसेस ब्लोर?" मी म्हटलं, "नाही रे. थकले आहे." त्याने मला बसस्टॉपपर्यंत सोडलं, स्वतःच्या गाडीने, पैसे न घेता.

निघायच्या आधी ओट्याखालच्या कपाटाचं दार मी स्क्रू काढून वेगळं केलं होतं. आतल्या बाजूला त्या बारांपैकी सहा बाण आहेत. बसमध्ये लोक बघत होते. ऑड्रीचा मुलगा गुरुवारी लीकला जाणार आहे, तो ते दार आणि रजई तुझ्याकडे पोचवेल. मी येत नाही. तू बोलावलंस तर येईन. धिरडी आणि चीज घेऊन येईन, विल्फला चालत असलं तर.

त्याने मागितलेला कागद खाली आहे. विमेवाल्यांच्या नमुन्याप्रमाणे लिहिला आहे, नमुना माझ्या फायलीत होता.

एनिड

*

पाणी उतरवल्याचा दाखला

गाडीचं ठिकाण: ग्विलन पार्क, चौथी रांग, सव्वीस नंबर.

काम करणाराचं नाव: विल्फ्रेड कोलक्लफ, प्लंबर.

कामाची तारीख: शनिवार, ३० ऑक्टोबर २०१०.

केलेलं काम: मुख्य पाणी बंद केलं. खालच्या दोन्ही तोट्या पूर्ण उघडल्या. ओट्याचे दोन, न्हाणीचे दोन, बेसिनचे दोन, असे सगळे नळ उघडे ठेवले. शॉवर मधोमध. घरच्यांना हात न लावण्याची सूचना स्पष्ट शब्दांत दिली.

कामात राहिलेली चूक: काही नाही.

साक्षीदार: एनिड ब्लोर. समक्ष हजर होते.

दाखला देण्यास आठ वर्षं उशीर झाला आहे. उशीर साक्षीदाराचा.